हातावरच्या पोटाला पेन्शन

जर्मनीत १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन ताशी १३.९० युरो झाले. आठवड्याला ४० तास काम धरले, तर महिन्याला सुमारे २,४०० युरो होतात. पुण्यातल्या कितीतरी घरांतली मुले आज तिकडे शिकायला किंवा नोकरीला आहेत, कितीतरी जण जर्मन भाषेच्या परीक्षांची तयारी करत आहेत. त्यामुळे असा आकडा कानावर पडला की आपण आधी त्याचे रुपये करतो. पण रुपयांत केलेला हा हिशेब अर्धाच असतो. त्या पगारातला साधारण पाचवा हिस्सा कामगाराच्या हातात पडतच नाही. तो आजारपण, बेकारी, म्हातारपण आणि वार्धक्यातली शुश्रूषा यांच्या विम्यात जातो, आणि जवळपास तेवढीच भर मालक घालतो. मग आयकर, मग घरभाडे, वीज, थंडीतली उष्णता, प्रवास. दुसऱ्या बाजूला, मूल असेल तर दरमहा अडीचशे युरोंहून जास्त बालभत्ता येतो. नोकरी गेली तर निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असल्यास ६७ टक्के रक्कम काही महिने मिळते. दवाखान्याचा खर्च विम्यातून भागतो.

म्हणून कोणत्याही पगाराला तीन प्रश्न विचारावे लागतात. हातात किती पडते? तेवढ्यात भागते का? आणि हातपाय थांबले, तर घर कशावर चालते? मजुरी, महागाई आणि सामाजिक सुरक्षा हे तीन वेगळे विषय नाहीत. एकाच मजुरीचे ते तीन भाग आहेत. पुण्यात हे तिन्ही प्रश्न सर्वांत नेटाने विचारले ते भुसार बाजारात पोती वाहणाऱ्या हमालांनी. नुसते विचारले नाहीत, तर त्यांची उत्तरे त्यांनी संघटना आणि कायद्याच्या बळावर उभी केली. ती आज पुन्हा समजून घ्यायला हवीत, कारण शहरात नव्याने तयार होणारी बरीचशी कामे त्यांच्या जुन्या कामासारखीच होत चालली आहेत: आज काम आहे, उद्याचे माहीत नाही आणि मालक कोण तेही सांगता येत नाही.

कायद्याचे दार आणि दाराबाहेरचे

आधुनिक सामाजिक विम्याची सुरुवात जर्मनीतच झाली. चॅन्सेलर बिस्मार्क यांच्या काळात १८८३ मध्ये आजारपणाचा, १८८४ मध्ये अपघाताचा आणि १८८९ मध्ये वार्धक्य व अपंगत्वाचा विमा आला. आजारपणाच्या विम्यात दोन तृतीयांश वर्गणी कामगाराची आणि एक तृतीयांश मालकाची असे. अपघाताचा सगळा भार मालकावर होता. म्हातारपणाची पेन्शन ७० व्या वर्षी मिळे. तेवढे आयुष्य त्या काळी थोड्यांच्याच वाट्याला येई. तरीही एक तत्त्व त्यातून पक्के झाले. कामगाराच्या वाईट दिवसांची सोय हा दानधर्माचा विषय नाही, तो मजुरीचा बाजूला काढून ठेवलेला भाग आहे.

भारतात हे तत्त्व दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आले. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच वर्षांत प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा सोपवण्यात आला आणि १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. त्याच वर्षी किमान वेतन कायदा झाला आणि १९५२ मध्ये भविष्य निर्वाह निधीचा कायदा. आज कारखान्यातल्या पगारपत्रकावर दिसणारी 'पीएफ' आणि 'ईएसआय' ही दोन नावे तेव्हापासूनची आहेत.

ही रचना भक्कम आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार विम्यासाठी पाऊण टक्का भरतो आणि मालक सव्वातीन टक्के. त्या बदल्यात कुटुंबाला उपचार मिळतात, आजारी रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. पण या सगळ्याला दार एकच आहे: मालक. कोणत्या तरी आस्थापनेच्या हजेरीपटावर नाव असेल, तर पुढचे सगळे हक्क. नाव नसेल, तर काहीच नाही. भारतात दहातले जवळपास नऊ जण असंघटित क्षेत्रात राबतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना हे दार बंद असते.

भवानी पेठ आणि नाना पेठेतल्या घाऊक बाजारातला हमाल असाच दाराबाहेर होता. सकाळी एका आडत्याची गाडी रिकामी करायची, दुपारी दुसऱ्याच्या गोदामात थप्पी लावायची, संध्याकाळी तिसऱ्याचा माल टेम्पोत भरायचा. मजुरी पोत्यामागे. पाठीवर क्विंटलभराचे पोते. चार दुकानांत राबणाऱ्याला एकही दुकानदार आपला नोकर म्हणत नसे, आणि कायद्याच्या भाषेत ते खोटेही नव्हते. यातले बरेच जण मावळ, मुळशी, वेल्ह्याच्या डोंगराळ गावांतून आलेले. कंबर गेली की गावाकडे परत जायचे, हीच त्यांची निवृत्ती.

नाना पेठेत वैद्यकी करणारे तरुण डॉक्टर बाबा आढाव यांच्याकडे हे हमाल येत. दुखणे अंगाचे असले तरी त्याचे मूळ कामाच्या रीतीत होते, आणि औषधाच्या पुडीने ते बरे होणारे नव्हते. १९५०च्या दशकाच्या मध्यात पुण्यात हमाल पंचायत उभी राहिली. कामाचे दर ठरवणे, मारहाण आणि फसवणूक थांबवणे, हमालाला बिल्ला आणि ओळख मिळवून देणे ही तिची पहिली कामे. ओझे हाही मजुरीइतकाच महत्त्वाचा प्रश्न होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. पुण्याच्या हमालांनी ५० किलोंच्या पोत्याचा आग्रह वर्षानुवर्षे धरला. त्या एका मागणीत उपचाराचा खर्च, कामाच्या वयाची लांबी आणि म्हातारपणाची अवस्था हे तिन्ही होते. पाठ पन्नाशीपर्यंत शाबूत राहिली, तर मिळकतीची दहा वर्षे वाढतात.

गोदीतून बाजारात आलेली युक्ती

मालक एक नसेल तर पीएफ कोणी भरायचा? या प्रश्नाचे उत्तर बाजाराला बंदरातून मिळाले. इंग्लंडच्या बंदरांतला गोदी कामगारही रोज सकाळी दाराशी उभा राहून काम मिळण्याची वाट पाहत असे. १९४६ च्या कायद्याने आणि १९४७ च्या योजनेने तिथे गोदी कामगारांची नोंदणी झाली, संयुक्त मंडळ आले आणि काम नसलेल्या दिवसाचीही काही सोय झाली. त्याच धर्तीचा कायदा भारतात १९४८ मध्ये झाला आणि मुंबईच्या गोदीत तो पुढे लागू झाला. बंदरात जे शक्य झाले ते मशीद बंदरच्या मसाला बाजारात, लोखंड बाजारात, कापड बाजारात का होऊ नये, हा त्याच्या पुढचा प्रश्न. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडींनी तो लावून धरला. १९६९ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगार कायदा मंजूर केला. देशात असा कायदा करणारे हे पहिले राज्य.

या कायद्याची रचना नीट पाहावी अशी आहे. कामगार कोणत्याही एका व्यापाऱ्याकडे नोंदवला जात नाही. तो मंडळाकडे नोंदवला जातो. व्यापारीही मंडळाकडे नोंदवला जातो. मंडळावर कामगारांचे आणि मालकांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असतात, सोबत सरकारचे प्रतिनिधी. हमालांच्या टोळीने केलेल्या कामाची मजुरी व्यापारी मंडळाकडे भरतो, आणि त्यावर ठरावीक टक्के 'लेव्ही' वेगळी भरतो. मंडळ महिन्याच्या शेवटी मजुरी कामगाराला देते. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, सणाच्या सुट्ट्या आणि औषधोपचार यांची तरतूद होते.

एक उदाहरण घेऊ. दहा जणांच्या टोळीने महिन्यात वेगवेगळ्या १५ दुकानांत मिळून २,००,००० रुपयांची हमाली केली, आणि त्या मंडळाची लेव्ही ३५ टक्के आहे असे समजू. १५ दुकानदार मिळून मंडळात २,७०,००० रुपये भरतील. त्यातले २,००,००० टोळीत वाटले जातील, म्हणजे डोईमागे २०,००० हातात. उरलेल्या ७०,००० तून, मंडळाचा कारभारखर्च वजा जाता, त्या दहा जणांचे म्हातारपण, दिवाळी आणि दुखणी यांचा निधी साठत जाईल. कोणत्याही एका दुकानदाराला दहा माणसे कायम पोसावी लागली नाहीत. तरीही ज्याने जेवढे काम घेतले, त्याने तेवढ्या कामाच्या सुरक्षेचे पैसे भरले. लेव्हीचा दर मंडळागणिक आणि कामागणिक वेगळा असतो, पण मजुरीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या आसपासची तरतूद हे या कायद्याचे बळ आहे.

हक्क नोकरीला न चिकटवता कामाला चिकटवायचा, ही कल्पना युरोपातही फार थोड्या ठिकाणी इतकी पुढे गेली आहे. जर्मनीत तिचे एक चांगले रूप दिसते. चित्रकार, लेखक, संगीतकार असे स्वतंत्रपणे काम करणारे कलावंत कोणाचेच नोकर नसतात. १ जानेवारी १९८३ पासून त्यांच्यासाठी वेगळी सामाजिक विमा योजना सुरू झाली. वर्गणीचा निम्मा भाग कलावंत भरतो. ज्या प्रकाशनसंस्था, नाट्यगृहे, जाहिरात कंपन्या त्यांचे काम वापरतात त्यांच्याकडून मानधनाच्या सुमारे पाच टक्के लेव्ही घेतली जाते, आणि उरलेले सरकार घालते. बर्लिनच्या कलावंताला लागू झालेले हे तत्त्व मुंबई-पुण्याच्या हमालाला त्याआधी लागू झाले होते, आणि लेव्हीचा दर त्याहून कितीतरी मोठा होता. महाराष्ट्राने याचा अभिमान बाळगायला हवा. पुढे १९८१ मध्ये याच धर्तीवर खासगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा झाला, तर १९९६ मध्ये देशभरातल्या बांधकाम मजुरांसाठी बांधकामखर्चाच्या एक टक्का उपकराचा.

मजुरी वाढते, पण पुरते का?

मजुरी किती पुरते हे मोजण्याचे कामही पुण्यातच मोठ्या प्रमाणावर झाले. १९३० मध्ये भारत सेवक समाजाच्या आवारात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. त्यांनी पुणे शहराचीच पाहणी हाती घेतली. घराघरांतले उत्पन्न, धंदे आणि राहणीमान नोंदवणारा तिचा पहिला भाग १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. याच संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला. माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी मिळायच्या तर १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यात महिन्याला १५ रुपये आणि शहरात २२.५० रुपये लागतात, असा त्यांचा हिशेब होता. खेडे आणि शहर यांच्यातला हा दीडपटीचा फरक हमालाला पुस्तकाशिवाय कळत होता. गावात भाकरी घरची असते, शहरात ती विकत घ्यावी लागते.

महागाईशी मजुरीची सांगड घालण्याची सरकारी पद्धत अशी आहे. केंद्र सरकारचे श्रम कार्यालय औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक काढते, आणि ज्या शहरांतल्या बाजारभावांवरून तो निघतो त्यांत पुणेही आहे. महाराष्ट्रात किमान वेतनाचे मूळ दर परिमंडळांनुसार ठरतात आणि त्यावरचा विशेष भत्ता या निर्देशांकानुसार दर सहा महिन्यांनी बदलतो. बाजारातली हमाली मात्र ठरावीक काळाने वाटाघाटींतून वाढवून घ्यावी लागते. दोन करारांच्या मधल्या काळात डाळ-तांदळाचे भाव चढले, तर ती तूट हमालाच्या ताटात पडते.

१९७२ च्या दुष्काळानंतर नेमके हेच झाले. बायकामुले गावाकडे ठेवून शहरात एकटा राहणाऱ्या हमालाच्या कमाईचा मोठा भाग खाणावळीत जाई. भाव भडकले तसे खाणावळीही महागल्या. मजुरी वाढवून घेणे हा एक मार्ग होता. जेवण स्वस्त करणे हा दुसरा. १९७४ मध्ये हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' सुरू केली. ना नफा ना तोटा या तत्त्वावर भाजी-भाकरी, पोळी, भात, आमटी. स्वयंपाकघरात राबणाऱ्या स्त्रियांना त्यातून रोजगार. केंद्र एकाचे अनेक झाले, आणि हमालांच्या जोडीला रिक्षावाले, विद्यार्थी, बाहेरगावहून ससूनला आलेल्या रुग्णांचे नातेवाईक अशा सगळ्यांनाच परवडणारे ताट शहरात मिळू लागले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही फार मोलाची गोष्ट होती. जेवणावरचा रोजचा खर्च जेवढा कमी झाला तेवढी मजुरी वाढल्यासारखीच होती, आणि ही वाढ कोणत्याही व्यापाऱ्याशी भांडून घ्यावी लागली नव्हती. युरोपातल्या देशांत राहणीमान टिकते ते केवळ पगारामुळे टिकते असे नाही. शाळा, दवाखाना, बस आणि भाड्याचे घर यांवर सार्वजनिक पैसा खर्च होतो, म्हणून पगारावरचा भार हलका होतो. हमाल पंचायतीने तेच काम आपल्या आवाक्यात केले. पतसंस्था काढली, तेव्हा सावकाराचे व्याज वाचले. बाजार गुलटेकडीला हलल्यावर मार्केट यार्डाजवळ हमालनगर उभे राहिले, तेव्हा भाडे वाचले. सरकारनेही पुढे स्वस्त जेवणाची वाट धरली: १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आणि २०२० मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी. सरकारी योजनेचा जोर अनुदानावर अवलंबून असतो, तो कमी-जास्त होतो. कष्टाची भाकर मात्र गिऱ्हाइकाच्या पैशांवर आणि चोख हिशेबावर अर्धशतक चालली.

जिथे मालकच नाही

हमालाला निदान व्यापारी तरी होते. कचराकुंडीतून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बाईला कोण होते? ती कोणासाठीच काम करत नव्हती असे सगळे मानत. वास्तविक ती सगळ्या शहरासाठी काम करत होती. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुणे केंद्रातून प्रौढ शिक्षणाचे काम करताना पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायणन यांचा या स्त्रियांशी संबंध आला. १९९३ मध्ये कचरावेचकांचा मेळावा झाला आणि बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली.

पंचायतीने पहिला प्रश्न मांडला तो मोजमापाचा. या बायका जेवढा कचरा वेचतात, तेवढा महापालिकेला उचलावा, वाहावा आणि जिरवावा लागत नाही. म्हणजे त्यांच्या श्रमातून शहराचे पैसे वाचतात. वाचलेल्या पैशांतला काही भाग त्यांच्या सुरक्षेसाठी मागणे हा हक्क ठरतो. महापालिकेने संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, आणि २००२-०३ पासून नोंदणीकृत कचरावेचकांचा आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. २००८ मध्ये 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेशी करार झाला. घरोघरचा कचरा गोळा करणे, त्याबद्दल प्रत्येक घराकडून दरमहा शुल्क घेणे आणि वेचलेले भंगार विकण्याचा हक्क स्वतःकडे ठेवणे अशी ती रचना आहे. मालक सापडत नसेल, तर लाभ कोणाला होतो ते शोधा आणि त्याच्याकडून वर्गणी घ्या, हा या पुणेरी प्रयोगाचा धडा.

घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा लढाही याच शहरातला. आजारपणाची रजा, पगारवाढ, माणूस म्हणून वागणूक या मागण्यांसाठी १९८० मध्ये पुण्यात त्यांनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. राज्याला घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा करायला २००८ उजाडले. त्यांच्या बाबतीत प्रगती सर्वांत मंद आहे, कारण इथे लेव्ही भरायची वेळ आली तर ती आपल्यासारख्या लाखो घरांनी भरायची आहे. घरकामाच्या बाईला दिलेल्या पगारात तिच्या म्हातारपणाचा हिस्सा असावा, हे आपण अजून मनाशी मान्य केलेले नाही. ते मान्य करायला हवे.

शहरी पगारदाराने दुसऱ्याच्या सुरक्षेसाठी पैसे भरणे महाराष्ट्राला नवे मात्र नाही. आपल्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपयांचा व्यवसाय कर कापला जातो. १९७०च्या दशकात तो सुरू झाला तो रोजगार हमी योजनेसाठी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली ही योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुण्यातल्या कारकुनाच्या आणि प्राध्यापकाच्या पगारातून खेड्यातल्या शेतमजुराला काम मिळाले. पुढे देशाच्या रोजगार हमी कायद्याला याच अनुभवाचा आधार होता.

पेन्शनचे उघडे भगदाड

इतके सगळे होऊनही म्हातारपणाच्या बाबतीत आपण फार मागे आहोत. संघटित क्षेत्रातल्या कामगाराची पेन्शन योजना १९९५ ची. तिची किमान पेन्शन २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरली. पेन्शनसाठी धरायच्या पगाराची मर्यादा १५,००० रुपये आहे, त्यामुळे त्या मर्यादेवर ३० वर्षे वर्गणी भरलेल्यालाही ७,००० रुपयांच्या आतच पेन्शन बसते. निराधार वृद्धांसाठी केंद्राचा वाटा कित्येक वर्षे दरमहा २०० रुपयांवर अडकलेला आहे. महाराष्ट्रात श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनांची रक्कम २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये झाली. हे पैसे ज्या हातात पडतात त्या हाताला त्यांची किंमत माहीत आहे, पण पुण्यात एका खोलीचे भाडेही त्यात भागत नाही.

२०१२ मध्ये अरुणा रॉय आणि बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पेन्शन परिषदेने दिल्लीत धरणे धरले. किमान वेतनाच्या निम्मी रक्कम प्रत्येक कष्टकरी वृद्धाला पेन्शन म्हणून मिळावी आणि ती महागाईबरोबर वाढत जावी, ही त्यांची मागणी. तिच्यात एक विचार स्पष्ट आहे. पेन्शन किती द्यायची हे सरकारच्या मर्जीवर न सोडता मजुरीला बांधायचे. मजुरी वाढली की पेन्शन वाढेल, आणि दर निवडणुकीला हात पसरावा लागणार नाही. ८ डिसेंबर २०२५ रोजी वयाच्या ९६ व्या वर्षात बाबा आढाव यांचे पुण्यात निधन झाले. ही मागणी अजून पुरी व्हायची आहे.

दुचाकीवरचे नवे हमाल

आज पुण्यात जेवणाचे डबे, किराणा आणि पार्सल पोचवणारी हजारो मुले दुचाकीवरून फिरतात. कामाचे पैसे फेरीमागे, जसे पूर्वी पोत्यामागे. एकाच दिवसात दोन-तीन ॲपवर काम, जसे पूर्वी चार दुकानांत. पेट्रोल, गाडीचा हप्ता आणि दुरुस्ती स्वतःची. कंपनी त्यांना नोकर म्हणत नाही, भागीदार म्हणते. साठ वर्षांपूर्वी भवानी पेठेत उभा असलेला प्रश्न जसाच्या तसा परत आला आहे.

कायद्याने त्याची दखल घेतली आहे. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि 'गिग कामगार' हा वर्ग देशाच्या कायद्यात पहिल्यांदा आला. ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम निधीत द्यायची आहे, मात्र ती कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त असणार नाही. त्याआधीच राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये प्रत्येक व्यवहारावर शुल्क आकारणारे स्वतंत्र कायदे केले.

दिशा बरोबर आहे, पण माथाडी कायद्याशी तुलना केली की उणिवा लक्षात येतात. मोबदल्याच्या पाच टक्के ही इथे कमाल मर्यादा आहे. माथाडी मंडळात मजुरीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास तरतूद होते. पाच टक्क्यांत अपघात विमा निघेल, थोडेफार उपचार होतील. पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि भरपगारी रजा त्यात बसणार नाहीत. दुसरे, माथाडी मंडळातून मजुरीच वाटली जात असल्याने कोणी किती काम केले याची नोंद मंडळाकडे असते. गिग कामगाराच्या कामाची सगळी नोंद कंपनीच्या सर्व्हरमध्ये असते. ती नोंद मंडळापर्यंत रोजच्या रोज पोचली, तरच लेव्हीचा हिशेब तपासता येईल. तिसरे, मंडळाच्या टेबलाशी कामगार बरोबरीने बसला पाहिजे. हमालांना हक्क मिळाले त्यात कायद्याइतकाच वाटा त्यांच्या संघटनेचा होता.

माथाडी व्यवस्थेतल्या दोषांकडेही डोळेझाक करून चालणार नाही. पुण्याभोवतीच्या औद्योगिक पट्ट्यात माथाडीच्या नावाखाली काम न करता पैसे उकळणाऱ्या टोळ्यांच्या तक्रारी झाल्या, गुन्हे दाखल झाले. अशा टोळ्यांनी खऱ्या कष्टकऱ्याचेच सर्वाधिक नुकसान केले, कारण त्यांच्याकडे बोट दाखवून कायदाच मोडीत काढण्याची मागणी होऊ लागली. उपाय आहे तो काटेकोर नोंदणीत, मजुरी थेट बँक खात्यात जमा करण्यात आणि मंडळांच्या उघड हिशेबात. खंडणी मागणाऱ्यावर पोलिसांनी कारवाई करावी. पोते वाहणाऱ्याचा पीएफ त्यासाठी थांबवण्याचे कारण नाही.

युरोपातल्या देशांकडून आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. सगळ्यांत महत्त्वाचे हे, की तिथे सुरक्षेची वर्गणी भरणे ही सवय झाली आहे आणि ती न भरता कोणाकडून काम करून घेणे हा गुन्हा मानला जातो. पण ती सवय आपल्याकडे कशी लावायची याचा नमुना परदेशातून आणण्याची गरज नाही. तो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात वर्षानुवर्षे चालू आहे. जो काम घेतो त्याने कामागणिक लेव्ही भरावी, ती एका मंडळात जमा व्हावी, आणि कामगार कितीही दारांत राबला तरी त्याचे खाते एकच राहावे. दुचाकीवरच्या मुलांसाठी, घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी, रिक्षावाल्यांसाठी महाराष्ट्राने हेच तत्त्व लागू करावे, लेव्हीचा दर पेन्शन निघण्याइतका ठेवावा आणि पेन्शन किमान वेतनाशी बांधावी. डबा मागवताना वा कामवाली बाई ठेवताना किंमत थोडी वाढेल. ती वाढ आपण दिली पाहिजे, कारण तो खर्च आजही कोणीतरी भरतेच आहे: साठीनंतरही पाठ वाकवून काम शोधणारा माणूस तो स्वतःच्या शरीराने भरतो आहे.